रिकामा टोप परत धाडायचा नसतो, तो का?

मे संपत आला की आमच्या बांधावरचा कापा फणस पिकतो आणि मग घरात एकच कार्यक्रम, हाताला खोबरेल तेल चोपडायचं आणि फणस फोडायचा. एक फणस म्हणजे सहज दहा-बारा किलोचा ऐवज, खाणारी तोंडं तीन, आणि दुसऱ्या दिवशी माशा घोंगावायला लागतात. त्यामुळे आई पहिला टोप भरते तो शेजारच्या काकीसाठी. काकीचा आमच्याशी रक्ताचा काडीचा संबंध नाही, जातही वेगळी, त्यांची होडी आहे आणि आमची कलमं. टोप काही दिवसांनी परत येतो तो बांगडे घेऊन. आणि समजा त्यांचा टोप आमच्याकडे आला तर आईचा हुकूम ठरलेला, "रिकामो धाडू नको रे, कायतरी घाल त्येच्यात." काहीच नसलं तर दोन कोकमं तरी, पण तळ दिसता कामा नये.

यंदा मुंबईहून भाचा आला होता, अकरावी सायन्स, नुकतंच डीएनए वगैरे शिकून आलेला. त्याने टोप पोचवून आल्यावर विचारलं, मामा, हे असं वाटून खायचं आपल्या जीन्समध्ये असतं की संस्कारात? मी तोंड उघडायच्या आत आई आतून म्हणाली, "रगतातच आसता ता."

आता इथे गंमत अशी आहे की ज्या झाडाचा तो फणस, त्या झाडावरून आमचा आणि चुलतकाकांचा दावा चालू आहे. झाड बांधाच्या अलीकडे की पलीकडे एवढाच प्रश्न, पण तारखा पडतायत. म्हणजे रक्ताच्या माणसाला वकिलाची नोटीस आणि बिनरक्ताच्या काकीला टोपभर गरे. मग रक्तात नेमकं काय असतं? त्या भाच्याला जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण तेव्हा मधेच लाइट गेली आणि विषय अर्धा राहिला.

सुरुवात रक्तापासूनच करू. विल्यम हॅमिल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६४ साली एक साधं गणित मांडलं. दुसऱ्याला मदत करताना माझं नुकसान होतं, मग मदत करायला लावणारे जीन्स टिकतात कसे, ते तर नामशेष व्हायला हवेत ना? त्याचं उत्तर असं की तुझे जीन्स फक्त तुझ्यात नसतात, भावाबहिणीत साधारण निम्मे तेच असतात, सख्ख्या चुलतभावात आठवा हिस्सा. म्हणून मदतीने समोरच्याला होणारा फायदा गुणिले नात्याचा हा हिस्सा, हे जर माझ्या खर्चापेक्षा जास्त भरत असेल तर तसं वागायला लावणारा जीन पुढच्या पिढ्यांत वाढत जातो. जे. बी. एस. हाल्डेन नावाचे जीवशास्त्रज्ञ, जे शेवटची वर्षं भारतात राहिले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्येच भुवनेश्वरला वारले, त्यांच्याबद्दल असा किस्सा सांगतात की भावासाठी जीव द्याल का विचारल्यावर ते म्हणाले, एका भावासाठी नाही, पण दोन भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी देईन. हिशेब बरोबर जुळतो बघा. (मला एकच चुलतकाका आहे हे मी भाच्याला सांगितलं.)

बरं, हे गणित खरं असेल तर कोकणात भाऊबंदकी का? इथे प्रत्येक वाडीत एक तरी घर असं असतं की मधून भिंत घातलेली, तुळस एका बाजूला आणि विहीर दुसऱ्या बाजूला. उंबर फोडून केंबरं कशाला काढायची म्हणतात, पण या प्रश्नाचं उत्तर खरोखरच उंबरात आहे. उंबराच्या कुळातल्या झाडांच्या फळांत बारीक गांधीलमाशीसारखे कीटक वाढतात, आणि त्यातल्या काही जातींचे नर त्या फळाच्या आतच एकमेकांशी मरेस्तोवर लढतात. त्यात बऱ्याचदा सख्खे भाऊ असतात. २००१ साली शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या जातींची तुलना करून बघितली की नातं जवळचं असेल तिथे मारामारी कमी होते का, तर नाही, नात्याने काही फरक पडत नव्हता. कारण फळ एकच, त्यातल्या माद्या मोजक्या, बाहेर जायची सोय नाही, आणि भावाचा प्रतिस्पर्धी कोण तर भाऊच. नात्यामुळे जी ओढ असायला हवी ती एकाच तुकड्यावरच्या स्पर्धेने खाऊन टाकली. आता एक गुंठा जमीन, तिच्यात सात-बारावर चौदा नावं, हे चित्र डोळ्यासमोर आणा. काकीशी आमचा बांधच नाही, तर भांडण कुठून येणार!

म्हणजे नातं हे पहिलं कारण झालं पण ते एकटं पुरत नाही. दुसरं कारण रॉबर्ट ट्रिव्हर्सने १९७१ मध्ये मांडलं, आज मी तुला, उद्या तू मला. नातं नसलं तरी चालेल, पण परत परत भेट व्हायला हवी आणि कोण फसवतं ते लक्षात राहायला हवं. याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे रक्त पिणारी वटवाघळं, ती आपल्याकडे नसतात, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत असतात. जेरल्ड विल्किन्सनने कोस्टारिकात त्यांचा अभ्यास करून १९८४ साली छापलं की रात्री शिकार न मिळालेल्या वटवाघळाला दुसरं वटवाघूळ आपल्या पोटातलं रक्त ओकून पाजतं. दोन-तीन रात्री उपाशी गेल्या की ते मरतं, म्हणून ही मदत म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. आणि ती कोणालाही मिळत नाही, नात्यातल्याला मिळते किंवा ज्याच्यासोबत रोजची ऊठबस आहे त्याला. थोडक्यात त्यांचाही टोप फिरतो.

फणस आणि मासे यांचं एक साम्य आहे, दोन्ही एकदम येतात आणि साठवता येत नाहीत. आज माझ्याकडे ढीग, तुझ्याकडे काही नाही, चार दिवसांनी उलटं. असं असेल तर जास्तीचा माल सुरक्षित ठेवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे शेजाऱ्याचं पोट. आमच्याकडे फ्रीज आला तेव्हा मी लहान होतो, पण मला आठवतंय की त्यानंतर मोरी माशाच्या तुकड्यांचा टोप वाडीत फिरायचा जवळपास बंद झाला. जीन्स तेच, फक्त एक पांढरं कपाट आलं.

इथपर्यंत वटवाघूळ पण आलं. पण माणूस याच्या पुढे जातो, तो अनोळखी माणसालाही देतो, परत भेट होणार नाही हे माहीत असूनही देतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा जेवण, चादरी, फावडी घेऊन लांबलांबून माणसं गेली, त्यांनी काही समोरच्याचं नाव-गाव लिहून घेतलं नव्हतं. हे वटवाघळाच्या हिशेबात बसत नाही. हे समजायला संस्कृतीकडे यावं लागतं, आणि संस्कृती म्हणजे इथे नाटक-भजन नव्हे, तर एका माणसाकडून दुसऱ्याने शिकलेलं सगळं, टोपात कोकमं घालण्यापासून.

आता हे मोजायचं कसं? त्यासाठी एक खेळ आहे, १९८२ साली जर्मनीतल्या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी काढलेला. दोन माणसं, एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्याला शंभर रुपये दाखवायचे आणि सांगायचं की यातले दुसऱ्याला किती देतोस ते ठरव. दुसऱ्याने हो म्हटलं तर दोघांना तसे पैसे, नाही म्हटलं तर दोघांनाही भोपळा. नुसत्या नफ्याचा विचार केला तर दुसऱ्याने एक रुपयालाही हो म्हणायला हवं, शून्यापेक्षा बरा. पण प्रत्यक्षात शहरातले कॉलेजातले पोरंपोरी चाळीस-पन्नास देतात आणि वीसच्या खाली मिळाले तर बऱ्याचदा लाथाडतात, गेले खड्ड्यात म्हणून. बरीच वर्षं सगळ्यांना वाटत होतं की हाच माणसाचा स्वभाव.

मग जोसेफ हेन्रिक नावाचा मानवशास्त्रज्ञ हा खेळ घेऊन पेरूच्या जंगलात माचिगेंगा लोकांकडे गेला. तिथे लोक सरासरी २६ टक्के देत होते आणि समोरचे आनंदाने घेत होते, नकार जवळपास नाहीच. त्यांच्या लेखी सगळं साधं होतं, याला मोठा वाटा मिळाला हे त्याचं नशीब, त्यात रागवायचं काय? त्यांच्याकडे कुटुंब आपापलं जगतं, घराबाहेरच्या माणसासोबत मिळून काम करायची फारशी वेळच येत नाही. यानंतर त्याच्या गटाने १२ देशांतल्या १५ छोट्या समाजांत हाच खेळ खेळवला आणि आकडे पार इकडचे तिकडे झाले. इंडोनेशियात लेम्बाता बेटावर लामालेरा नावाचं गाव आहे, तिथले लोक होड्यांतून देवमासा मारतात. त्यांनी सरासरी ५७ टक्क्यांच्या आसपास दिले, म्हणजे अनोळखी माणसाला स्वतःपेक्षा जास्त!

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं कारण हे गाव मी ओळखतो, फक्त आमच्याकडे देवमासा नाही, रापण आहे. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालवण, आचरा, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात होडीतून भलं मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकत जातात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग दोन्हीकडे माणसं ओळीने उभी राहून ओढतात. लहान पोर, म्हातारा, कोणीही. पाय वाळूत घोट्यापर्यंत रुततात, दोर ओला आणि खरखरीत, तळहात सोलतात, आणि जाळं जवळ येईल तसं दोन ओळी हळूहळू एकमेकींकडे सरकतात. शेवटी जाळ्याचा पोटाचा भाग वाळूवर येतो आणि आत तारली किंवा बांगडा नुसता चांदीसारखा उड्या मारतो. मग वाटे. होडीचा, जाळ्याचा, रापणकरांचा, आणि ज्याने नुसता हात लावला त्यालाही मूठभर का होईना मिळतातच. मी कॉलेजात असताना पाच मिनिटं दोर धरला होता, धरला म्हणजे फोटोपुरता, तरी पिशवीत सहा बांगडे पडले आणि मला जाम लाज वाटली.

एकट्याने रापण ओढता येत नाही तसा एकट्याने देवमासा मारता येत नाही. लामालेरात देवमाशाचा कुठला तुकडा कुणाचा हे आधीच ठरलेलं असतं, भाला मारणाऱ्याचा वेगळा, होडी बांधणाऱ्याचा वेगळा. अशा गावात वाढलेल्या माणसाला तुम्ही शंभर रुपये देऊन वाटणी कर म्हणता तेव्हा तो तुमचा खेळ खेळत नसतो, तो आपली वाटणी करत असतो. हेन्रिकच्या गटाला हेच सापडलं, ज्या समाजात पोटासाठी घराबाहेरच्यांशी मिळून काम करावं लागतं किंवा बाजारात अनोळखी लोकांशी रोजचा व्यवहार असतो तिथे वाटा मोठा. हो, बाजारसुद्धा! मला वाटायचं बाजाराने माणूस चिक्कू होतो, आकडे तसं म्हणत नाहीत.

आणि आता टोपाकडे. पापुआ न्यू गिनीत औ आणि ग्नाऊ असे दोन समाज आहेत. तिथे एक भलतंच झालं, लोकांनी निम्म्याहून जास्त वाटा देऊ केला आणि समोरच्यांनी तो नाकारला. साठ-सत्तर टक्के मिळत असताना नको! कारण तिकडे मोठं देणं घेतलं की माणूस देणाऱ्याच्या ओझ्याखाली येतो, तो कधी, कशाच्या रूपात परत मागेल सांगता येत नाही. हे माझ्या आईला समजावून सांगायची गरजच पडली नाही, ती लगेच म्हणाली, "मगे काय, उपकार कित्याक घेवचे?" टोपात कोकमं घालण्याचं कारण नेमकं हेच आहे, टोप भरून आला की तुम्ही देणेकरी. पण त्यातही मेख आहे, लगेच त्याच दिवशी तेवढ्याच किमतीचं काही परत धाडलं तर ते जास्त वाईट दिसतं, हिशेब मिटवून टाकल्यासारखं. थोडं थांबून, थोडं वेगळं काहीतरी द्यायचं. हे कुठल्याच जीनमध्ये लिहिलेलं नसतं, पण वाडीतल्या प्रत्येक बाईला नेमकं माहीत असतं.

भाचा मात्र हुशार, तो म्हणाला मग जीन्सचा काय संबंध, सगळं शिकवलेलंच आहे की. तर तसंही नाही. स्वीडनमध्ये जुळ्यांवर अभ्यास झाले, एकाच बीजाचे जुळे म्हणजे सगळे जीन्स जवळपास सारखे, आणि वेगळ्या बीजांचे म्हणजे साध्या भावंडांइतके. त्यांना तोच शंभर रुपयांचा खेळ दिला आणि किती रकमेपर्यंत नाही म्हणतात ते बघितलं, तर सारख्या जुळ्यांची उत्तरं एकमेकांशी खूपच जास्त जुळत होती. हिशेब केला तेव्हा माणसामाणसांतल्या फरकाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग जीन्समुळे निघाला, २००७ साली हे छापून आलं. अनोळखी माणसावर विश्वास टाकण्याच्या दुसऱ्या एका खेळात हा आकडा बराच कमी निघाला, १० ते २० टक्के.

इथे एक मोठी गफलत होते आणि पेपरवाले तर हमखास करतात. ४० टक्के म्हणजे तुमच्या मनाचा ४० टक्के मोठेपणा जीन्सचा आणि ६० संस्कारांचा, असा अर्थ बिलकुल नाही. आंब्यावरून बघा. हापूसची कलमं म्हणजे एकाच झाडाच्या नकला, जीन्स तेच. तरी देवगडच्या कातळावरचा हापूस आणि घाटावर नेऊन लावलेला हापूस यात जमीन-अस्मानाचा फरक, आणि तो सगळाच्या सगळा माती, हवा, खारा वारा यांचा. म्हणजे हापूसच्या बागा मोजल्या तर जीन्सचा वाटा शून्य. आता एकाच वाफ्यात बाठे पेरून रायवळची शंभर झाडं लावा, माती एक, पाणी एक, तरी एक आंबट, एक गोड, एक नुसता रेषांचा, आणि तो सगळा फरक जीन्सचा. आंबा तोच, पण कुठे मोजलं त्यावर आकडा बदलला. स्वीडनची माती बऱ्यापैकी सारखी आहे, तिथला ४० टक्के आकडा उचलून माचिगेंगा आणि लामालेरा यांच्यातल्या फरकाला लावता येत नाही. तो फरक जीन्सचा असण्याची शक्यता फारच कमी, कारण शेजारशेजारच्या समाजांमध्ये रिवाजांचा फरक जीन्सच्या फरकापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, २००९ साली काही जणांनी हे मोजून दाखवलंय.

दानशूरपणाचा एक असा कुठला जीन नसतो, तसा दावा कोणी केला तर सरळ पुढे स्क्रोल करा. पण माणसाच्या ओढीला जीन्सचा पाया आहे हे मात्र काही ठिकाणी स्पष्ट दिसतं. विल्यम्स सिंड्रोम म्हणून एक स्थिती आहे, सातव्या क्रोमोसोमचा (क्रोमोसोम म्हणजे पेशीतला जीन्सचा धागा) छोटासा तुकडा, पंचवीस-तीस जीन्सचा, जन्मतःच नसतो, आणि ती मुलं इतर अडचणींसोबत कमालीची माणसाळलेली असतात, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडेही हसत जातात.

लहान पोरांवरचे प्रयोगही हेच सांगतात. दीड वर्षाचं पोर मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देतं, कोणी शिकवलेलं नसताना. पण स्वतःच्या ताटातलं देणं ही वेगळी गोष्ट. सहा समाजांतल्या ३ ते १४ वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला, २०१३ सालचा, त्यात लहान मुलं सगळीकडे बऱ्यापैकी सारखीच वागली, आणि साधारण सात-आठ वर्षांच्या पुढे फाटे फुटायला लागले, जो तो आपापल्या गावच्या मोठ्यांसारखा व्हायला लागला. बरोबर त्याच वयात मला पहिल्यांदा एकट्याला टोप घेऊन धाडलं होतं.

आता शेवटचा भाग, आणि मला सगळ्यात आवडणारा. जीन्स आणि रिवाज हे दोन वेगळे डबे नाहीत, ते एकमेकांना ढकलतात. दुधाचं उदाहरण पक्कं आहे. मोठेपणी दूध पचवता येणं ही मुळात माणसाची रीत नव्हे, आजही जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांना ते नीट पचत नाही. पण गेल्या दहाएक हजार वर्षांत जिथे गुरं पाळून दूध प्यायची सवय लागली तिथे ते पचवणारा जीन पसरला. आधी सवय आली, मग जीन. रॉबर्ट बॉइड आणि पीटर रिचर्सन यांचं गेली चाळीसेक वर्षं म्हणणं आहे की मनाच्या बाबतीतही असंच घडलं असणार. ज्या गावात वाटून खाण्याचा रिवाज आणि लबाडाला वाळीत टाकण्याची पद्धत हजारो वर्षं चालली तिथे मस्तवाल माणसाचं लग्न होणं कठीण, पोरंबाळं कमी, आणि ज्याला चटकन लाज वाटते, चार लोक काय म्हणतील हे कळतं, त्याचं बरं चालणार. म्हणजे लाज वाटायची ती शक्ती जीन्समधून आली, पण तिला तिथे आणून बसवलं ते रिवाजाने. दुधासारखा याचा एकेक जीन अजून दाखवता आलेला नाही आणि यावर शास्त्रज्ञांची जोरदार भांडणं आहेत, मला स्वतःला हे पटतं एवढंच.

लाज लावायचं काम नेहमी दंडानेच होतं असं नाही. कलाहारीतल्या शिकारी लोकांसोबत राहणाऱ्या रिचर्ड ली नावाच्या मानवशास्त्रज्ञाने नाताळला त्यांना एक धष्टपुष्ट बैल दिला, तर आठवडाभर सगळे त्याला चिडवत होते, हा काय बैल आणलास, नुसती हाडं! नंतर कळलं की तिथे कोणीही मोठी शिकार आणली की असंच करतात, नाहीतर तो माणूस डोक्यावर बसतो. मालवणी माणसाला हे वेगळं सांगायला नको. मी पहिल्या पगाराची पेढ्यांची पेटी वाडीत वाटली तेव्हा एका आजोबांनी पेढा तोंडात टाकून विचारलं होतं, "कंपनी बुडता की काय रे, पेढो इतको बारको?"

आणि भांडणही याच गोष्टीवरून होतं. पर्ससीनवाले (मोठ्या बोटीतून गोल जाळं टाकून माशांचा थवाच घेरणारे) आणि रात्री एलईडी दिवे लावून मासे ओढणारे यांच्यावर रापणकरांचा जो राग आहे तो फक्त मासे कमी झाल्याचा नाही. मासे कोणीही धरले असते तर कमीच झाले असते, पण हे लोक वाट्याच्या बाहेरचे. त्यांच्या जाळ्याला किनाऱ्यावरच्या कुणाचा हात लागत नाही.

काकी आमची काकी कशी झाली हे भाच्याने शेवटी विचारलं. तशीच, आईने पहिल्या दिवशी म्हटलं ही काकी, तर ती काकी. हॅमिल्टनच्या गणितात तिचा आकडा शून्य, पण तो शब्द सात-आठ वर्षांचा असल्यापासून तोंडात बसला की डोकं तिला घरातलं धरून चालतं, बस आणि रिक्षात आपण अनोळखी माणसाला मामा, ताई म्हणतो त्याच्यातही हीच मखलाशी. चुलतकाका मात्र कागदावर काका आहेत, आणि बहुतेक पुढच्या तारखेलाच भेटतील.

यंदाचा टोप अजून परत आलेला नाही. पावसाळी बंदी लागली, होडी शाकारून ठेवलीय. काल पाणंदीत काकी भेटली तर स्वतःच म्हणाली, "टोप माझ्याकडेच आसा हां, आवशीक सांग, नारळी पुनव होवंदे."